चिंतामण वनगा

चिंतामण नवशा वनगा (१ जून १९५० – ३० जानेवारी २०१८) हे महाराष्ट्रातील आदिवासी समाजातील वकील आणि भारतीय जनता पक्षाचे नेते होते. ते ११व्या, १३व्या व १६व्या लोकसभेचे सदस्य होते. तलासरी तालुक्यातील कवाडा हे त्यांचे गाव. हा तालुका मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा बालेकिल्ला मानला जातो.

राजकीय कारकीर्द

तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील डहाणू हा अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेला लोकसभा मतदारसंघ १९८०पासून काँग्रेसच्या दामोदर शिंगडा यांच्याकडे होता. १९९६ साली वनगा तेथून प्रथम निवडून आले. १९९८मध्ये काँग्रेसचे शंकर नम विजयी झाले. १९९९मध्ये वनगांनी ही जागा परत मिळवली. २००४मध्ये शिंगडा पुन्हा खासदार झाले.

२००८च्या पुनर्रचनेत डहाणू मतदारसंघ संपुष्टात येऊन पालघर हा राखीव मतदारसंघ निर्माण झाला. ग्रामीण ठाण्यातील शहापूर व मुरबाड हे विधानसभा मतदारसंघ नव्या भिवंडी मतदारसंघात समाविष्ट झाले. २००९मध्ये पालघरमधून बहुजन विकास आघाडीच्या बळीराम जाधव यांनी वनगांचा पराभव केला. त्याच वर्षी ते विक्रमगडमधून विधानसभेवर निवडून गेले. २०१४मध्ये जाधवांना हरवून ते तिसऱ्यांदा लोकसभेत पोहोचले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन तलासरी पालघर जिल्ह्यात गेले. शहापूर व मुरबाड ठाण्यातच राहिले.

निधन व पोटनिवडणूक

खासदारपदी असतानाच वनगा यांचे नवी दिल्ली येथे निधन झाले. मे २०१८च्या पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र श्रीनिवास शिवसेनेचे उमेदवार होते. भाजपच्या राजेंद्र गावित यांनी त्यांचा पराभव केला. श्रीनिवास वनगा २०१९मध्ये पालघरचे आमदार झाले.