सुजलेली ऊती, अडकलेले आतडे आणि एका लसीची परीक्षा

१६७७ साली योहान कोनराड पेयर या स्विस शरीरशास्त्रज्ञाने लहान आतड्याच्या भित्तीतील लसीका ऊतींच्या चट्ट्यांचे वर्णन केले. अन्नमार्गातील जंतूंवर पहारा ठेवणाऱ्या या चौक्या लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाशी दाट असतात आणि बालवयात संसर्ग होताच फुगतात. बहुतेक मुलांत ही वाढ आपोआप ओसरते. काही तान्ह्या बाळांत मात्र आतड्याची लाट हा उंचवटा घासासारखा पुढे ढकलते आणि जुन्या दुर्बिणीची नळी दुसरीत सरकावी तसे आतडे आतड्यात शिरते. यालाच इंटससेप्शन म्हणतात. आत अडकलेल्या भागाचा रक्तपुरवठा आवळला जातो. बाळ थांबून थांबून कळवळते, शौचातून रक्त पडते, आणि उशीर झाल्यास आतडे सडते.

१८७१ मध्ये लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी दोन वर्षांच्या मुलीचे पोट उघडून अडकलेले आतडे हाताने सोडवले. मुलांवरील अशा यशस्वी शस्त्रक्रियांत ही आद्य मानली जाते. तंत्र आजही तेच आहे: आतडे ओढायचे नाही, पुढच्या टोकाकडून हळूहळू मागे दाबत आणायचे. सडलेला भाग असेल तरच तो कापायचा. सुजलेल्या ऊतीला सहसा हात लावत नाहीत. ती यथावकाश स्वतःच उतरते.

कोपनहेगनच्या हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी चाकूऐवजी पाण्याचा दाब वापरला. गुदमार्गे पाणी सोडून आतडे मागे सारण्याच्या पद्धतीवर १९०५ मध्ये त्यांनी १०७ रुग्णांचा अहवाल दिला. मृत्यूचे प्रमाण ३५ टक्के होते. त्या काळी हे यशच. पुढे अमेरिकेत मार्क रॅव्हिच यांनी क्ष-किरणांखाली बेरियम वापरून या पद्धतीला शिस्त लावली. द्रवाचे भांडे टेबलापासून सुमारे तीन फुटांहून उंच न्यायचे नाही, हा त्यांचा दंडक. दाब द्रवाच्या उंचीवर ठरतो, भांड्याच्या आकारावर नाही. शाळेतल्या या सूत्रावर अनेक बाळांची आतडी सुरक्षित राहिली.

मग हा आजार शल्यगृहाबाहेर पडला. १९९८ साली अमेरिकेत आलेली रोटाशील्ड ही रोटाव्हायरसविरोधी लस वर्षभरातच मागे घ्यावी लागली, कारण सुमारे दहा हजार बाळांमागे एकाला तिच्यामुळे इंटससेप्शन होत असावे असे आढळले. श्रीमंत देशाला हा धोका परवडणारा नव्हता. भारतात मात्र पुढे झालेल्या अंदाजानुसार रोटाव्हायरसच्या अतिसाराने वर्षाला सुमारे ७८ हजार बालके दगावत होती.

दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत सापडलेल्या ११६ई या वाणापासून महाराज किशन भान आणि सहकाऱ्यांनी घडवलेली, हैदराबादच्या भारत बायोटेकने तयार केलेली रोटाव्हॅक ही लस म्हणूनच दुहेरी कसोटीवर होती. दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथील अंतिम चाचणीत ६,७९९ बाळे होती. परिणामकारकता मोजायला ही संख्या पुरेशी. दहा हजारांत एक असा धोका पकडायला अपुरी. तो प्रश्न प्रत्यक्ष वापरानंतरच सुटणार होता.

२०१६ मध्ये हिमाचल प्रदेश, हरियाणा, ओडिशा आणि आंध्र प्रदेशात लसीकरण सुरू झाले. त्याबरोबर २७ रुग्णालयांत इंटससेप्शनच्या प्रत्येक बाळाची नोंद ठेवली गेली. २०१९ च्या मध्यापर्यंत अशी ९७० बाळे नोंदवली गेली. लशीच्या मात्रेनंतरच्या आठवड्यांची त्याच बाळांच्या इतर काळाशी तुलना केली असता वाढीव धोका दिसला नाही. २०२० मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. भारतात पहिली मात्रा सहाव्या आठवड्यात देतात, आणि त्या वयात हा आजार मुळातच विरळ असतो.