नाडीचा आलेख आणि रक्तदाबाचा आकडा

नायट्रेट व नायट्राइट या वर्गांतील औषधांचा आधुनिक वैद्यकातील प्रवेश रक्तदाबाविषयीच्या एका तर्कातून झाला. एडिंबरो येथील रॉयल इन्फर्मरीतील तरुण डॉक्टर टी. लॉडर ब्रंटन यांनी हृच्छूलाच्या रुग्णांच्या नाडीचे आलेख नाडीलेखयंत्राने घेतले, तेव्हा वेदनेच्या वेळी रोहिण्यांतील ताण वाढतो असे त्यांना आढळले. अमिल नायट्राइटने हा ताण उतरतो, हे आर्थर गॅमजी यांच्या प्रयोगांवरून त्यांस ठाऊक होते. ते द्रव्य हुंगविताच वेदना शमली व आलेखही पालटला. हा वृत्तांत १८६७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच पत्रात १८७९ साली विल्यम मरेल यांनी नायट्रोग्लिसरीनचा उपयोग मांडला. त्यांनीही नाडीच्या आलेखांचाच आधार घेतला होता.

पुढे १८९६ साली रीव्हा-रॉच्ची यांनी दंडाला बांधावयाची पट्टी सुचविली आणि १९०५ साली कोरोत्कॉव्ह यांनी रोहिणीतील ध्वनी ऐकण्याची रीत सांगितली. मापन सुलभ झाले. परंतु लहरीचा आकार मागे पडून आकडा तेवढा उरला.

या बदलाची किंमत नायट्रेटांच्या बाबतीत विशेष जाणवते. हृदयाच्या आकुंचनाबरोबर निघालेली दाबाची लहर रोहिण्यांच्या शाखांपासून परावर्तित होऊन माघारी येते. दीर्घकालीन उच्च रक्तदाबात रोहिण्या ताठर झाल्याने ती लवकर परतते व आकुंचन चालू असतानाच महारोहिणीतील दाबात भर घालते. नायट्रेटांमुळे स्नायुमय रोहिण्या शिथिल होऊन हे परावर्तन घटते. नीलाही विस्फारतात व हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. त्यामुळे दंडावरील आकडा दर्शवितो त्याहून हृदयावरील भार अधिक हलका होतो. केली, ओ’रूर्क व त्यांचे सहकारी यांनी १९९० साली हा फरक प्रत्यक्ष मापनाने दाखविला.

अर्थात सतत सेवनाने या औषधांचा गुण ओसरतो. म्हणून ती उच्च रक्तदाबावरील नित्याचा उपचार ठरली नाहीत. ब्रंटन यांचे स्पष्टीकरणही अपुरेच होते, कारण नीलांचा वाटा त्यात आला नव्हता. तथापि नाडीचा आकार वाचण्याची त्यांची दृष्टी योग्य होती. सोयीचे साधन हाती आले म्हणजे जुन्या साधनाला दिसणारे सत्य लोपत नाही, ते केवळ नजरेआड होते, हाच या इतिहासाचा बोध होय.