झोळीशिवायचा पाहुणा

आमच्या तळोद्याकडे 'मिशन' या शब्दाला एक ठरलेला अर्थ आहे. मिशन म्हणजे दवाखाना, नाहीतर शाळा. नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याचं मिशन हॉस्पिटल सगळ्यांच्या ओळखीचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन मिशनरी आले, भिल्ल-मावची वस्त्यांतून राहिले, त्यांच्या बोली शिकले. म्हाताऱ्या माणसांशी बोलायला बसलं की अजूनही एखाद्या गोऱ्या डॉक्टरची गोष्ट निघतेच.

त्यामुळे दवाखाना नाही, शाळा नाही, पगार नाही, असा मिशनरी महाराष्ट्रात येऊन गेला होता हे वाचलं तेव्हा मजा वाटली. तेही मॉर्मन! मॉर्मन म्हटलं की आपल्याला पांढरा सदरा, टाय आणि छातीवर नावाची पट्टी लावलेली अमेरिकन पोरं आठवतात. अठराव्या वर्षी घर सोडायचं, चर्च पाठवेल त्या देशात दोन वर्षं काढायची, आणि खर्च बहुतेक स्वतःचा किंवा घरच्यांचा. पण ही पोरं नेहमी जोडीने असतात. आपला हा माणूस मात्र एकटा आला होता.

त्याचं नाव ह्यू फिंडले. १८२२ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेला. म्हणजे ७ सप्टेंबर १८५२ ला मुंबईत उतरला तेव्हा तो तीस वर्षांचा होता. त्याचं चर्चही तरुणच होतं, १८३० साली अमेरिकेत स्थापन झालेलं, जेमतेम बावीस वर्षांचं. लोरेन्झो स्नो या त्यांच्या वडीलधाऱ्याने युरोपातून हिंदुस्थानसाठी माणसं निवडली, त्यात मुंबई फिंडलेच्या वाट्याला आली.

आता ती मुंबई कशी होती बघा. जगन्नाथ शंकरशेट वगैरे मंडळींनी बॉम्बे असोसिएशन स्थापन केली ती २६ ऑगस्ट १८५२ ला, म्हणजे हा उतरायच्या बारा दिवस आधी. ठाण्याची आगगाडी धावायला अजून सात महिने होते. एल्फिन्स्टनमध्ये शिकलेली पोरं वर्तमानपत्रांतून वाद घालत होती. आणि धर्माचं म्हणाल तर सगळ्यांचे कान आधीच टवकारलेले! १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन, तो कोर्टाच्या हुकमाने घरी परत आला. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यायचं की नाही यावरून रण माजलं. बाळशास्त्री जांभेकर त्या पोराच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांना काय काय सोसावं लागलं ते आपण शाळेपासून वाचत आलोय. १८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत राहिला खरा, पण कायद्याने कोणी पंगतीला बसवून घेत नाही.

अशा गावात फिंडले आला. मॉर्मनांची तेव्हाची रीत अशी की प्रचारकाने पैशाची थैली न घेता निघायचं. ज्यांना उपदेश करायचा त्यांनीच जेवू घालायचं, झोपायला जागा द्यायची. इंग्लंड-स्कॉटलंडात हे चाललं. तिथे गिरणीकामगार, विणकर यांच्या घरात आणखी एक ताट वाढणं अवघड नव्हतं.

आपल्याकडे तर भिक्षेवर जगणाऱ्याचं कौतुकच. माधुकरी मागून शिकलेल्यांच्या गोष्टी घरोघरी आहेत. मग अडलं कुठे? मला वाटतं, अडलं ते माणसाच्या रंगावर. भिक्षा मागायची तर मागणारा ओळखीच्या चौकटीत बसावा लागतो. बटू असेल, गोसावी असेल, वारकरी असेल. गोरा माणूस म्हणजे साहेब, आणि साहेब म्हणजे सरकार. सरकारने दारात येऊन भाकरी मागावी हे कोणाच्या डोक्यात बसणार? शिवाय बहुतेक घरांत त्याला आत घेण्याचाही प्रश्नच होता, सोवळ्याचं काय करणार! उरले त्याचेच लोक, म्हणजे शिपाई आणि कारकून. पण इथल्या पाद्री मंडळींनी आणि इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याच्याविरुद्ध आघाडी उघडली. पुस्तिकेला उत्तर म्हणून पुस्तिका निघाल्या.

दैव पण कसं असतं बघा. तो मुंबईत उतरायच्या नऊ दिवस आधी, २९ ऑगस्ट १८५२ ला, तिकडे सॉल्ट लेक सिटीत त्याच्या चर्चने बहुपत्नीत्व आपण मानतो असं जाहीर सांगून टाकलं. ती बातमी इकडे पोचायला १८५३ उजाडलं. दोन बायका करणं हिंदुस्थानात कोणाला नवीन नव्हतं, पण फिंडलेचे श्रोते होते गोरे ख्रिस्ती. त्यांच्या दृष्टीने विषय तिथेच संपला.

१८५३ मध्ये तो पुण्याला गेला. लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला छावणीत मनाई केली. म्हणून काय झालं तर तो देशी लोकांच्या जास्त जवळ आला. गंमत म्हणजे त्याच पुण्यात जोतीराव फुल्यांच्या शाळा चालू होत्या. १६ नोव्हेंबर १८५२ ला विश्रामबाग वाड्यात सरकारने जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार केला होता. एका बाजूला आपल्याच लोकांचा रोष पत्करून शाळा चालवणारा पंचविशीतला माणूस, दुसऱ्या बाजूला स्वतःच्याच लोकांनी हाकललेला तिशीतला परदेशी, आणि गाव एकच.

पुण्यात त्याने जेमतेम डझनभर लोकांची मंडळी जमवली. त्यात गोरे होते, मिश्र वंशाचे होते, देशीही होते. पुढे त्याचा भाऊ ॲलन मदतीला आला, तोवर सगळं एकट्याने. १८५५ मध्ये त्याने मुंबईत एक पुस्तिका छापली, तिच्या नावातच 'हिंदुस्थानातल्या मराठ्यांना' असं संबोधन आहे. आणि त्याच वर्षी तो निघून गेला. हाँगकाँगमार्गे अमेरिका, मग युटा. १८५६ पर्यंत हिंदुस्थानातले त्याचे बाकीचे सोबतीही बहुतेक परतले.

इथे मला गॉर्डन हॉल आठवतो. तोही तरुण, अमेरिकन मिशनचा, ११ फेब्रुवारी १८१३ ला अठ्ठाविसाव्या वर्षी मुंबईत उतरलेला. त्यालाही कंपनी सरकारने परत जायला सांगितलं होतं. त्याने अर्ज केले, विनवण्या केल्या, पळून जायचाही प्रयत्न केला, आणि शेवटी राहिला. मराठी शिकला. १८१५ मध्ये शाळा काढली, १८१७ मध्ये छापखान्यातून मराठी छपाई सुरू झाली. १८२६ मध्ये नाशिक भागात फिरताना लोकांना पटकीचं औषध वाटत होता, त्याच पटकीने गेला. तेरा वर्षांत त्याच्याही हाताला फार माणसं लागली नाहीत. पण शाळा आणि छापखाना उरले, आणि त्यांचा उपयोग त्याचा धर्म न घेणाऱ्यांनाही झाला.

फिंडलेच्या मागे असं काही उरलं नाही, कारण त्याच्या धर्माची तेव्हाची मागणीच वेगळी होती. बाप्तिस्मा घ्या आणि युटाला या, तिथे सगळे एकत्र राहू. समुद्र ओलांडणं पाप मानणाऱ्या देशात हे सांगायचं! आणि पाप न मानणाऱ्यालाही कित्येक महिन्यांच्या प्रवासाचं भाडं कुठून आणणार?

मला त्या डझनभर माणसांचं राहून राहून वाटतं. फिंडलेचे हाल झाले, मान्य. एकटेपण, अपमान, उपास, सगळं त्याने निमूट सोसलं. पण त्याच्या गोष्टीला शेवट होता. तो अमेरिकेत म्हातारा झाला, त्याच्या डायऱ्या वंशजांनी १९७३ मध्ये छापून काढल्या. ज्यांना जहाजाचं भाडं परवडणार नव्हतं ते मात्र इथेच राहिले, जुनी पंगत सोडून आणि नवी पंगत उठून गेल्यावर. श्रीपत शेषाद्रीसाठी भांडायला निदान बाळशास्त्री होते.

मॉर्मन चर्च पुढे भारतात परत आलं. १९९३ मध्ये बंगळूरला त्यांचं मिशन सुरू झालं, २०१२ मध्ये हैदराबादला मोठी संघटना उभी राहिली. आता त्यात भारतीय तरुणच जोडीजोडीने फिरतात, आणि सगळ्यांनी युटाला या असं कोणी सांगत नाही. आपल्याच गावात राहा, तिथेच चर्च उभं करा, असं सांगतात. हे शहाणपण यायला बराच काळ जावा लागला.

कोणाचं कोणत्या देवावर मन बसावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण दुसऱ्याच्या दारात जाऊन 'तुझं सोड आणि माझ्याबरोबर चल' म्हणायचं असेल, तर त्या दारापाशी किती वर्षं बसायची तयारी आहे हे आधी स्वतःला विचारून घ्यावं. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना त्या गोऱ्या डॉक्टरचा उपदेश आठवत नाही. पण तो राहिला होता, हे बरोबर आठवतं.