शेताच्या कागदांतला शिपाई

बेळगाव-निपाणी भागातील मराठी घराण्याच्या पूर्वजाने लष्करी चाकरी केली होती का, हे पाहण्यासाठी पलटणींच्या नोंदी चाळण्याची रीत पडली असली, तरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या काळासाठी याचे उत्तर बहुधा जमिनीच्या कागदांत असते. कारण या मुलखातील अनेक शिपायांना चाकरीचा मोबदला रोखीऐवजी शेताच्या रूपाने मिळत असे. किल्ल्याची पिढीजात राखण करून त्याबदल्यात जमीन खाणारे ते गडकरी, आणि गरजेनुसार किल्ल्यावर किंवा बंदोबस्ताला हजर राहण्याच्या अटीवर ज्यांना सनदेने शेत मिळाले ते शेतसनदी.

ही शेते किती जिव्हाळ्याची होती, हे १८४४ मध्ये दिसून आले. कोल्हापूर संस्थानच्या नव्या कारभारात गडकऱ्यांच्या जमिनींची व्यवस्था मामलेदारांकडे सोपवली जाताच गडहिंग्लजजवळच्या सामानगडावरील गडकऱ्यांनी किल्ल्याचे दरवाजे बंद केले. बेळगावहून ईस्ट इंडिया कंपनीची फौज चालून गेली आणि १३ ऑक्टोबरला किल्ला पडला. हा उठाव इतिहासग्रंथांत काही ओळींत उरकला जातो, हे अन्यायाचे आहे, कारण ज्यांचा निर्वाह त्यात बुडाला त्यांची घराणी आजही याच गावांत नांदत आहेत.

संशोधकाने प्रथम गाव तेव्हा कोणाच्या अमलाखाली होते ते ठरवावे. सामानगडासारख्या संस्थानी मुलखाचे कागद कोल्हापूरच्या पुरालेखागारात शोधावेत. कंपनीच्या मुलखात मात्र १८४३ पासून इनामांची चौकशी सुरू झाली आणि पुढे १८५२ च्या अकराव्या कायद्याने ती बळकट झाली; तीत हक्क सिद्ध करण्यासाठी धारकांनी दिलेल्या कैफियती, म्हणजे लेखी निवेदने, आणि वंशावळी पुण्याच्या पुरालेखागारात पाहाव्यात. हे लेखन मोडी लिपीत असल्याने मोडी वाचकाची मदत लागते. हवालदार, सरनोबत, गडकरी ही आडनावे शोधाची दिशा दाखवतात, पण त्यांवरून पुरावा झाला असे मानू नये.

पहिल्या महायुद्धापर्यंत आल्यावर वाट सोपी होते. मेसोपोटेमियातील कूट येथे २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या ब्रिटिश-हिंदी सैन्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या मृतांच्या नोंदींत अनेकदा बापाचे नाव, गाव आणि तालुका मिळतो, तर वाचून परतलेल्याचा क्रमांक, नाव आणि पलटण त्याच्या पदकाच्या कडेवर कोरलेली असते.

पुन्हा जमिनीच्या कागदांकडे वळायचे, तर शेतसनदींचे काम इंग्रजी अमलात गावच्या पोलीस चाकरीपुरते उरले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेल्यामुळे तेथील हे वतन त्या राज्याच्या १९६१ च्या ग्रामवतन निर्मूलन कायद्याने संपले, आणि जमिनी ठरावीक रक्कम भरून घेऊन धारकांना पुन्हा देण्यात आल्या. घरात अशा पुनर्प्रदानाचा कन्नड आदेश असेल, तर शोधाची सुरुवात त्याच कागदापासून करावी.