कारखान्यातल्या कामाचा शरीरावरचा भार कसा तपासतात?

यंत्रात बोट सापडले तर अपघाताची नोंद होते. पण रोज शेकडो वेळा वाकून दहा वर्षांत कंबर गेली, तर तिची नोंद बहुधा कुठेच नसते. कारखाना अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीतील व्यवसायजन्य रोगांत शिशाची विषबाधा होती, बहिरेपण होते, कंबरदुखी नव्हती. त्यामुळे ही इजा होण्याआधीच तिचा धोका ओळखावा लागतो. या तपासणीला एर्गोनॉमिक जोखीम मूल्यमापन म्हणतात.

पुणे-सोलापूर महामार्गावर, उजनीच्या पाणफुगवट्याजवळ असलेल्या डाळजच्या परिसरात कागद, साखर, वाहने आणि कपडे असे वेगवेगळे उद्योग आहेत. प्रत्येक ठिकाणी शरीराचा वेगळा भाग झिजतो, म्हणून एकच मोजमाप सगळीकडे चालत नाही.

साखरेचे पोते घ्या. वजन ५० किलो. अमेरिकेतील नायोश या संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेले सूत्र २३ किलोपासून सुरू होते, आणि तेही सगळी परिस्थिती अनुकूल असेल तरच. ओझे घोट्यांपासून २५ सेंटिमीटरवर असेल तर २३ किलो पूर्ण धरतात. ४० सेंटिमीटरवर गेले की मर्यादा १४.४ किलोवर येते. त्यात ४५ अंश वळावे लागले तर उरतात साधारण १२.३ किलो. म्हणजे ५० किलोचे पोते मर्यादेच्या चौपट झाले. यात उचलण्याची उंची आणि मिनिटाला किती पोती हे अजून धरलेलेच नाही! मात्र हे सूत्र दोन्ही हातांनी उचलण्यापुरतेच आहे. पोते पाठीवर घेऊन चालणे किंवा गाडा ढकलणे त्यात बसत नाही.

बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कमधील शिलाईत ओझे जवळजवळ नसतेच. तिथे मान खाली, खांदे आखडलेले आणि मनगट सतत फिरते. अशा कामासाठी १९९३ मध्ये मांडलेली रुला पद्धत वापरतात. मान, पाठ, दंड व मनगटाच्या कोनांवरून १ ते ७ गुण देतात. ७ आले तर बदल ताबडतोब हवा. संपूर्ण शरीर वाकवावे लागणाऱ्या कामासाठी २००० साली आलेली रेबा पद्धत जास्त योग्य.

कोन मोजणे तसे सोपे. कामगाराकडून खरे उत्तर मिळवणे अवघड. शरीराच्या नऊ भागांत गेल्या बारा महिन्यांत आणि गेल्या सात दिवसांत दुखले का, असे विचारणारी नॉर्डिक प्रश्नावली १९८७ पासून आहे. पण मुकादम शेजारी उभा असेल तर कंत्राटी कामगार ‘काही नाही साहेब’ एवढेच म्हणणार, कारण दुखणे सांगितले तर उद्याची पाळी जाईल ही भीती. म्हणून ही विचारणा एकांतात आणि नाव न लिहिता करावी.

नंतरचे बदल बरेचदा साधे असतात. पोत्यांची थप्पी कमरेच्या उंचीवर येईल असा ओटा, शिलाईयंत्राचे टेबल किंचित उंच, पोत्याऐवजी लहान पिशवी. ‘नीट वाकून उचला’ असा फलक लावणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कुचकामी उपाय. बदल केल्यावर तेच गुण पुन्हा काढतात. ते उतरले नाहीत तर उपाय चुकला. साखर कारखान्यात तपासणी गाळप चालू असतानाच, तीही पाळीच्या शेवटच्या दोन तासांत करावी, कारण थकलेला माणूस सकाळी वाकतो तसा तेव्हा वाकत नाही.