नेम, नशीब आणि केंटकीच्या खारी

काकतालीय न्याय आपणा सर्वांस ठाऊक आहे. कावळा ताडावर बसतो, त्याच क्षणी फळ पडते आणि पाहणाऱ्यास वाटते की कावळ्यानेच ते पाडले. ज्या शेकडो वेळा कावळा नुसता बसला आणि उडून गेला, त्यांची नोंद कोणी ठेवीत नाही. शिकारकथांचा इतिहास वाचताना आम्हांस हा न्याय वारंवार आठवतो.

अमेरिकेतील खारींच्या शिकारीचेच पाहू. मक्याची कणसे फस्त करणारी करडी खार तेथील वसाहतकारांच्या लेखी उपद्रवी प्राणी होती. पेनसिल्व्हेनियात दर खारीमागे ३ पेनी इनाम होते. १७४९ साली त्यापोटी ८,००० पौंड वाटले गेले, असे स्वीडिश निसर्गअभ्यासक पेर काल्म नोंदवितो. हिशेब केला तर या ६,४०,००० खारी होतात. १८०७ साली ओहायोने तर कराबरोबर खारींच्या टाळूंचाही भरणा करण्याचा कायदा केला. या हिशेबांत मेलेल्या खारी मोजल्या गेल्या. वाया गेलेल्या गोळ्या कोणी मोजल्या नाहीत.

हत्यार होते पेनसिल्व्हेनियातील जर्मनभाषक कारागिरांनी घडविलेली लांब नळीची, ठासणीची रायफल. नळीच्या आतील पिळदार खाचांमुळे गोळी फिरत जाई आणि सरळ जाई. पण भरायला वेळ लागे. पहिला बार फुकट गेला की खार दुसऱ्याची वाट पाहत नसे. अशा परिस्थितीत साधलेल्या एका बाराची कथा होणे स्वाभाविकच होते.

त्या कथांतील सर्वांत प्रसिद्ध कथा पक्षिचित्रकार ऑड्युबॉनने १८३१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सांगितली. केंटकीत फ्रँकफर्टजवळ डॅनियल बून याने खारीला गोळी न लावता तिच्या पोटाखालची साल उडविली आणि त्या धक्क्यानेच खार मरून पडली, असे तो प्रत्यक्षदर्शी म्हणून लिहितो. मांस फाटू नये म्हणून ही युक्ती. इतिहासकारांनी मात्र या भेटीविषयी शंका घेतली आहे, कारण बून १७९९ सालीच मिसुरीकडे गेला होता आणि ऑड्युबॉन केंटकीत आला तो १८०७ साली.

आम्हांस भेटीच्या वादाहून गोष्टीची रचना अधिक महत्त्वाची वाटते. खारीऐवजी तिच्याखालच्या सालीवर गोळी लागणे म्हणजे बाहेरून पाहता नेम थोडा खाली जाणेच होय. चुकलेला बार आणि मुद्दाम तसा मारलेला बार यांची खूण झाडावर एकच उमटते. ते कौशल्य होते की योगायोग, हे गोळी सांगत नाही. कथा सांगणारा सांगतो.

साहित्याने हे सांगणे उचलले. फेनिमोर कूपरच्या १८२३ सालच्या ‘द पायोनियर्स’मध्ये गाव कबुतरांच्या थव्यांवर तोफ डागते, तर नॅटी बंपो उडते कबुतर एकाच गोळीत टिपतो आणि त्या नासाडीचा निषेध करतो. तेथे एका बाराला नैतिक अर्थ आहे. पुढच्या कादंबऱ्यांत मात्र त्याचा नेम अमानुष अचूक होत गेला आणि १८९५ साली मार्क ट्वेनने त्याची यथेच्छ टर उडविली. शंभर यार्डांवरील खिळ्याचे डोके दिसते तरी कसे, हा त्याचा प्रश्न साधाच होता.

पण टर उडविल्याने मिथक मरत नाही. ८ जानेवारी १८१५ रोजी न्यू ऑर्लिन्सजवळ ब्रिटिशांचा पराभव झाला, त्याचे श्रेय लोकगीताने केंटकीच्या शिकाऱ्यांना दिले. वास्तविक मोठा संहार तोफखान्याने केला होता. १८६२ साली सिनसिनाटीच्या रक्षणासाठी घरच्या बंदुका घेऊन पंधरा हजारांहून अधिक माणसे धावून आली आणि ‘खारीचे शिकारी’ म्हणून इतिहासात गेली. मोठी लढाई झालीच नाही, तरीही नाव राहिले. मक्याच्या शेतातला नशिबाचा बार अशा रीतीने राष्ट्राचा गुण ठरला आणि तोफा ओढणारे विस्मृतीत गेले.

म्हणून शिकारकथा शिकविताना विद्यार्थ्यांपुढे एवढा प्रश्न जरूर ठेवावा, असे आम्ही सुचवितो: या गोष्टीत न लागलेल्या गोळ्या कोठे आहेत? त्यांचा शोध घेतल्याने कथेची गोडी कमी होत नाही. उलट, ती कोणी, कोणासाठी आणि कोणाला वगळून रचली, हे दिसू लागते.