दिनविशेष : २४ एप्रिल – मीरा अल्फासा पाँडिचेरीत स्थायिक (१९२०)

पॅरिसमध्ये जन्मलेल्या चित्रकार मीरा अल्फासा (१८७८–१९७३) आजच्या दिवशी जपानहून पाँडिचेरीत आल्या आणि कायमच्या तिथल्याच झाल्या. पाँडिचेरी तेव्हा फ्रेंच वसाहत होती. १९१४ साली त्या पहिल्यांदा तिथे आल्या होत्या. पण महायुद्धामुळे वर्षभरात परतावे लागले. बडोद्यात विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याच्या मार्गदर्शनाखाली ध्यानसाधना केलेले श्रीअरविंद १९१० पासून तिथे राहत होते. १९२० च्या नोव्हेंबरात वादळी पावसाने मीरांच्या घराला धोका निर्माण झाला, तेव्हा श्रीअरविंदांनी त्यांना आपल्या घरी राहायला बोलावले.

१९२६ च्या नोव्हेंबरात श्रीअरविंदांनी एकांतवास पत्करला आणि मोजक्या साधकांच्या आश्रमाची सूत्रे मीरांकडे आली. निवास, भोजन, कामांची वाटणी अशी सगळी घडी त्यांनी बसवली. साधक त्यांना ‘माताजी’ म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धात आश्रयाला आलेल्या कुटुंबांतल्या मुलांसाठी त्यांनी २ डिसेंबर १९४३ रोजी शाळा सुरू केली आणि स्वतः वर्ग घेतले.

१९५४ मध्ये पाँडिचेरीचा कारभार भारताकडे आला, तरी त्यांनी गाव सोडले नाही. २८ फेब्रुवारी १९६८ रोजी ऑरोव्हिलची स्थापना झाली. १२४ देशांची माती तिथल्या कमळाकृती कलशात एकत्र करण्यात आली. नव्वदीतल्या माताजींनी आपल्या खोलीतूनच नव्या नगरीची सनद फ्रेंचमध्ये वाचली. परक्या भूमीत त्यांनी उभारलेल्या या संस्था आजही नांदत्या आहेत, हे त्यांचे मोठे कर्तृत्व.